वर्तुळाचे वचन

लंडन शहरातील यूस्टन हे रेल्वेस्थानक रात्रंदिवस गजबजलेले असते. त्या स्थानकाजवळ स्टीफन्सन वे नावाची एक अरुंद गल्ली आहे. गाडी पकडण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशाची नजर खिळून राहावी, असे त्या गल्लीत काहीही नाही. तथापि सोमवारी संध्याकाळी तेथे थोडा वेळ उभे राहिले, तर एक मौज दृष्टीस पडते. एकेक मनुष्य येतो, बारा क्रमांकाच्या घराचे दार उघडतो आणि आत दिसेनासा होतो. कोणी वकील असतो, कोणी डॉक्टर, कोणी शाळेत शिकवणारा, तर कोणी रंगभूमीवर नाव कमावलेला कलावंत. वेष निराळे, वये निराळी. परंतु प्रत्येकाचा खिसा तपासला, तर त्यात पत्त्यांचा जोड, रेशमी रुमाल, दोरीचा तुकडा, नाही तर दोनचार नाणी हटकून सापडावयाची. हे घर म्हणजे ‘मॅजिक सर्कल’ या जगप्रसिद्ध जादूगार-मंडळाचे घर होय.

या मंडळाचा जन्म १९०५ साली झाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लंडनमधील पिनोली नावाच्या उपाहारगृहात तेवीस जादूगार एकत्र जमले. त्यांतील काहींचे पोट जादूवर चालत होते. काही केवळ हौसेखातर ही विद्या शिकले होते. त्या काळी जादूगाराचे जिणे मोठे एकाकी असे. शिंप्याला शेजारच्या शिंप्याशी कापडाविषयी बोलता येते, गवयाला दुसऱ्या गवयापुढे गाऊन दाखवता येते. जादूगाराला मात्र आपल्या विद्येविषयी कोणापुढे बोलण्याची सोय नव्हती. घरच्यांना सांगावे तर गुपित फुटते. दुसऱ्या जादूगाराला सांगावे तर तो ते चोरील, ही धास्ती. ज्यांच्यापुढे मन मोकळे करावे आणि ज्यांच्याकडून निर्धास्तपणे चार गोष्टी शिकाव्यात, अशी माणसे एका छपराखाली आणणे हा त्या बैठकीचा हेतू होता.

मंडळाला नाव काय द्यावे, असा प्रश्न निघाला. मार्टिन चॅपेंडर नावाचा एक गुणी तरुण जादूगार त्याच सुमारास मरण पावला होता. मृत्युसमयी त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. मंडळाला त्याचेच नाव द्यावे, असे मित्रांच्या मनात आले. पुढे ‘मॅजिक सर्कल’, म्हणजे जादूचे वर्तुळ, हे नाव सर्वानुमते ठरले. पण त्या नावातही एक गुपित लपलेलेच राहिले. इंग्रजीत मार्टिन चॅपेंडर आणि मॅजिक सर्कल या दोहोंची आद्याक्षरे एकच आहेत. दारावरची पाटी वाचणाऱ्याला तेथे मंडळाचे नाव दिसते. जाणत्याला त्याच अक्षरांत एका दिवंगत मित्राचे स्मरण आढळते.

मंडळाने आपल्यासाठी एक लॅटिन बोधवाक्य निवडले. त्याचा भावार्थ असा, की गुपित सांगून टाकणे हा आमचा स्वभाव नव्हे. सभासद होणाऱ्या प्रत्येकाला हे वचन पाळावे लागते. जादूची युक्ती जिज्ञासू शिष्याला शिकवण्यास आडकाठी नाही. त्यासाठी ग्रंथ आहेत, व्याख्याने आहेत, गुरुजन आहेत. मात्र केवळ गंमत म्हणून, किंवा पैशाच्या अथवा प्रसिद्धीच्या लोभाने ती चारचौघांत उघडी करणे हा या मंडळात मोठा अपराध मानला जातो.

सोमवारच्या बैठकीत काय चालते, हे पाहण्याची इच्छा कोणालाही होईल. एखाद्या सोमवारी परदेशातून आलेला एखादा निष्णात जादूगार व्याख्यान देतो. एखाद्या सोमवारी स्पर्धा असते. रंगमंचावरील भव्य जादू आणि टेबलाशेजारी बसून करावयाची जवळची जादू यांच्या स्पर्धा निरनिराळ्या होतात. एरव्ही जुने सभासद नव्यांना घेऊन कोपऱ्यात बसतात. एकजण पत्त्यांचा जोड पिसतो, दुसरा त्याच्या करंगळीकडे टक लावून पाहतो आणि हळूच म्हणतो, “पुन्हा एकदा.” तीच हालचाल वीस वेळा, चाळीस वेळा, शंभर वेळा होते. प्रेक्षकाला जे क्षणार्धात घडलेले दिसते, त्याच्यामागे कित्येक महिन्यांची तपश्चर्या असते, हे त्या कोपऱ्यात बसल्यावाचून कळावयाचे नाही.

मंडळाचे स्वतःचे छोटे नाट्यगृह आहे, ग्रंथालय आहे आणि वस्तुसंग्रहालयही आहे. १९०६ साली सुरू झालेले ‘मॅजिक सर्क्युलर’ नावाचे त्याचे मुखपत्र शंभराहून अधिक वर्षे निघत आले आहे. येणाऱ्या बैठका, होऊन गेलेली व्याख्याने, नव्या कल्पना, दिवंगत सभासदांची स्मृतिचित्रे असे सारे काही त्यात असते. नाताळच्या दिवसांत मंडळाची दारे सामान्य प्रेक्षकांसाठीही उघडतात. १९९६ पासून मुलामुलींसाठी एक स्वतंत्र तरुण शाखा चालवली जाते. अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मुख्य मंडळाचे सभासदत्व मिळत नाही. पण त्याआधीच्या वयात बोटे लवचीक असतात आणि उत्साह अमर्याद असतो, हे वडीलधाऱ्या जादूगारांना पुरते ठाऊक आहे. पन्नासाहून अधिक देशांत मिळून मंडळाचे सुमारे १७०० सभासद आहेत.

संग्रहालयातील वस्तूंत काही साधे पेले आहेत. राजपुत्र असताना चार्ल्स यांनी १९७५ साली या मंडळाच्या प्रवेशासाठी जो प्रयोग करून दाखवला, त्यात हे पेले वापरले होते. पुढे इंग्लंडचे राजे झालेल्या या गृहस्थांनाही दारावर चाचणी द्यावी लागली, ही गोष्ट मंडळाचे लोक कौतुकाने सांगतात. चार्ल्स यांनी निवडलेला खेळ मात्र राजवाड्यातला नव्हता. तीन पेले पालथे घालावयाचे, त्यांखाली लहान गोळ्या ठेवावयाच्या. गोळी येथे आहे म्हणावे तर तेथे निघते, नाही म्हणावे तर दोन निघतात आणि अखेरीस पेला उचलला, की खाली भलतेच काही अवतरते. भारतातील रस्त्यांवरचे जादूगार हाच खेळ कित्येक पिढ्या धुळीत बसून करीत आले आहेत. गारुड्याच्या पोतडीतून काय निघेल याचा नेम नाही, असे मराठी माणूस म्हणतो, ते उगाच नव्हे.

हा खेळ किती जुना असावा? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने आपल्या एका पत्रात पेले आणि खडे घेऊन बसणाऱ्या जादूगाराचा उल्लेख केला आहे. तो म्हणतो, की त्या खेळातील फसगतच आपल्याला आनंद देते; युक्ती कोणी समजावून सांगितली, की गोडी उरत नाही. मॅजिक सर्कलचे बोधवाक्य ज्या तत्त्वावर उभे आहे, ते त्या शहाण्या पुरुषाने इतक्या पूर्वी ओळखले होते. म्हणूनच त्या पेल्यांचे रहस्य येथेही सांगावयाचे नाही.

मंडळात प्रवेश मिळवणे सोपे नाही. उमेदवाराची शिफारस करण्यास त्याला ओळखणारे सभासद लागतात. नंतर त्याची मुलाखत होते. मग परीक्षकांपुढे आणि प्रेक्षकांपुढे काही मिनिटांचा प्रयोग करून दाखवावा लागतो. ज्याला प्रयोग करावयाचा नसेल, त्याने जादूच्या एखाद्या विषयावर अभ्यासपूर्ण प्रबंध लिहावा, अशी सवड आहे. प्रयोगात हाताची सफाई तर पाहतातच. पण बोलणे कसे आहे, प्रेक्षकांना रमवता येते की नाही, चुकल्यावर सावरता येते की नाही, हेही पाहिले जाते. उत्तीर्ण झालेल्याला पुढेही पायऱ्या आहेत. सर्वांत आतले वर्तुळ तीनशे जणांपुरतेच मर्यादित ठेवलेले आहे.

मंडळाचा पहिला अध्यक्ष डेव्हिड डेव्हांट हा त्या काळचा इंग्लंडमधील सर्वश्रेष्ठ जादूगार होता. १८६८ साली तो लंडनमध्ये एका गरीब घरात जन्मला. त्याचे मूळ आडनाव वायटन. लहानपणी त्याने एक चित्र पाहिले. गोलिआथ या राक्षसी योद्ध्यासमोर उभा ठाकलेला डेव्हिड त्यात रंगवला होता आणि खाली फ्रेंच भाषेत चित्राचे नाव होते. फ्रेंचमध्ये ‘डेव्हांट’ म्हणजे ‘समोर’. मुलाला ते माणसाचेच नाव वाटले, आवडले, आणि पुढे त्याने ते जन्मभर धारण केले. रंगमंचावर त्याच्याइतका सौम्य आणि हसतमुख जादूगार विरळा. एखाद्या मुलाला बोलावून त्याच्या हातात एकामागून एक अंडी देत राहावे आणि मुलाची तारांबळ पाहून सारे सभागृह हसून लोटपोट व्हावे, हा त्याचा आवडता खेळ होता. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एका तरुणाने आपल्याला तीनशे प्रकारची जादू येते, अशी फुशारकी मारली आणि डेव्हांटला किती येतात, असे विचारले. डेव्हांट शांतपणे उत्तरला, की आपल्याला आठ येतात.

अशा या माणसावर दैवाने घाला घातला. विकाराने त्याच्या शरीराची शक्ती हळूहळू हिरावून घेतली. ज्या हातांनी हजारो लोकांना मंत्रमुग्ध केले, ते हातच त्याचे ऐकेनात. १९२० च्या सुमारास त्याला रंगमंच सोडावा लागला. स्वतःला प्रयोग करता येत नव्हते, तेव्हा आपली विद्या आपल्याबरोबर नाहीशी होऊ नये, असे वाटून त्याने लेखणीचा आश्रय घेतला. पुढे त्याने आपल्याच प्रयोगांची रहस्ये एका मासिकातून प्रसिद्ध केली. ते मासिक जादूगारांपुरते नव्हते. ते कोणीही विकत घेऊन वाचावे असे होते.

मंडळापुढे मोठे धर्मसंकट उभे राहिले. रहस्ये डेव्हांटची स्वतःची होती, ती त्यानेच आपल्या बुद्धीने निर्माण केली होती. मग ती सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता काय? शिवाय तो मंडळाचा आद्य अध्यक्ष होता आणि आता रोगाने जर्जर झालेला होता. उलट, नियम सर्वांना सारखा. थोरांनी तो मोडावा आणि लहानांनी पाळावा, असे झाले तर वचनाला अर्थ काय उरला? अखेर १९३६ साली मंडळाने आपल्या पहिल्या अध्यक्षाला सभासदत्वावरून दूर केले.

हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर आजही दुमत होऊ शकेल. परंतु गोष्ट येथे संपली नाही. मंडळाने आणि डेव्हांटने लवकरच समेट केला आणि त्याला सन्माननीय सभासदत्व देण्यात आले. असाध्य रोग्यांसाठी असलेल्या पटनी येथील रुग्णालयात तो अखेरचे दिवस कंठीत होता. मंडळातील जादूगार तेथे जाऊन त्याच्यापुढे आणि इतर रुग्णांपुढे प्रयोग करू लागले. एके काळी सभागृहे जिंकणारा तो थोर कलावंत आता निश्चल बसून दुसऱ्यांची जादू पाहत असे. १९४१ साली त्याचे निधन झाले. रुग्णालयात जाऊन प्रयोग करण्याची प्रथा मात्र त्याच्यामागेही चालू राहिली. नियमाने जे तोडले, ते माणुसकीने पुन्हा जोडले.

गुपित राखणारे हे मंडळ सत्याचे शत्रू आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. जादूगार लोकांना फसवतो खरा, पण आपण फसवणार आहोत, हे तो आधीच सांगतो. प्रेक्षकही तिकीट काढून आनंदाने फसावयास येतो. जो मनुष्य हातचलाखी करून तिला दैवी सामर्थ्य म्हणतो आणि भोळ्या लोकांना नाडतो, त्याचा जादूगाराइतका तिटकारा दुसऱ्या कोणालाही नसतो. कारण त्याची लबाडी ओळखण्याची दृष्टी जादूगारापाशीच असते. अशा प्रकारांची छाननी करण्यासाठी मंडळाने १९१४ साली एक खास समिती नेमली होती.

या समितीचे एक प्रकरण भारताशी निगडित आहे. भारतीय जादूगार आकाशात दोर फेकतो, दोर ताठ उभा राहतो, एक मुलगा त्यावर चढून अदृश्य होतो, असे वर्णन युरोप-अमेरिकेत घरोघरी झाले होते. १८९० साली शिकागोच्या एका वृत्तपत्राने तर असा प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन प्रवाशांची हकीकत छापली. पण चार महिन्यांनी ती कपोलकल्पित असल्याची कबुलीही त्याच पत्राने दिली. हकीकत ज्यांनी वाचली, त्यांतील बहुतेकांनी कबुली वाचलीच नसावी, कारण दोराची कथा दिवसेंदिवस उंचच चढत गेली. मॅजिक सर्कलच्या समितीचे प्रमुख डॉ. रॉबर्ट एलियट हे नेत्रवैद्य होते आणि मद्रास येथील नेत्ररुग्णालयात त्यांनी काम केले होते. भारतीय जादूगारांचे कौशल्य त्यांना ठाऊक होते आणि अफवांची जातकुळीही ठाऊक होती. १९३४ साली लंडनमध्ये एक सभा भरली. मद्रासचे माजी राज्यपाल लॉर्ड अँप्टहिल हे तिचे अध्यक्ष होते. उघड्या मैदानात हा प्रयोग जो कोणी करून दाखवील, त्याला पाचशे गिनींचे बक्षीस जाहीर झाले. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही.

यात भारतीय जादूगारांना कमीपणा कोठे आला? मुळीच नाही. मुठीएवढ्या कोयीपासून पाहता पाहता आंब्याचे रोप वाढवून दाखवणारे हात खरे होते, पेले आणि गोळ्यांची कला खरी होती. खोटी होती ती दूरच्या लोकांनी रचलेली दंतकथा. कलावंताच्या खऱ्या कौशल्यावर असा खोटा मुलामा चढवला, की त्याचे खरे श्रम कोणाच्या लक्षात येत नाहीत. दंतकथेचे आवरण दूर करून त्या श्रमांकडे पाहावयास लावणे, हीदेखील कलेची सेवाच होय.

दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या या मंडळाच्या स्वतःच्या डोळ्यांवर मात्र एक पट्टी बांधलेली होती. १९०५ पासून ८६ वर्षे या वर्तुळात एकाही स्त्रीला सभासद म्हणून पाऊल टाकता आले नाही. रंगमंचावर स्त्रिया होत्याच. पेटीत शिरावयाचे त्यांनी, करवतीखाली निजावयाचे त्यांनी, अधांतरी तरंगावयाचे त्यांनी. वस्तुतः अनेक प्रयोगांचा अर्धा भार त्याच वाहत असत आणि रहस्यही त्यांना ठाऊक असे. तरीही स्त्रियांच्या तोंडी गुपित राहत नाही, असली जुनी समजूत पुढे करून त्यांना दाराबाहेरच ठेवले जाई.

जेनी विन्स्टन्ली नावाची एक जादूगार स्त्री होती. हा अन्याय तिच्या मनाला सतत डाचत असे. तिची सोफी लॉइड ही तरुण अभिनेत्री शिष्या आणि मैत्रीण होती. दोघींनी मिळून एक विलक्षण बेत केला. मंडळाला जादूगार पुरुषच हवा ना? मग त्याला पुरुषच देऊ! सोफीने ‘रेमंड लॉइड’ नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाचे रूप घ्यावयाचे आणि परीक्षेला बसावयाचे, असे ठरले.

बोलणे सोपे, करणे महाकठीण. केसांचा टोप आला, अंगाची ठेवण बदलणारा पोशाख आला, जबडा रुंद दिसावा म्हणून तोंडात भरावयाच्या वस्तू आल्या. आवाज बदलावा लागला, चालणे बदलावे लागले, खुर्चीवर बसण्याची ढब बदलावी लागली. एक अडचण सर्वांत बिकट होती. सोफीचे हात नाजूक होते. ते तिला दगा देण्याचा संभव होता. तेव्हा तिने हातमोजे चढवून प्रयोग करावयाचे ठरवले. उघड्या बोटांनी जी सफाई साधण्यास वर्षे लागतात, ती तिने मोज्यांतील बोटांनी साधली. मंडळाने तिच्या वाटेत जी भिंत घातली होती, तिच्यामुळेच तिला इतरांहून कठीण परीक्षा द्यावी लागली.

परीक्षेचा दिवस आला. कामगारांच्या एका क्लबात भरलेल्या प्रेक्षकांपुढे ‘रेमंड’ने आपला प्रयोग सादर केला. प्रयोग संपल्यावर परीक्षक त्याच्याशी बराच वेळ गप्पा मारीत बसले. रंगमंचावरचे काही क्षण निभावून नेणे निराळे आणि जाणत्या परीक्षकाच्या डोळ्याला डोळा देऊन सोंग टिकवणे निराळे! पण सोंग टिकले. मार्च १९९१ मध्ये रेमंड लॉइड मॅजिक सर्कलचा सभासद झाला. ज्या मंडळाचे सभासद जगाला चकवतात, त्या मंडळालाच एका मुलीने चकवले.

त्याच वर्षी मंडळातही वारे फिरले. ७५ टक्क्यांहून अधिक सभासदांनी स्त्रियांना प्रवेश देण्याच्या बाजूने मत दिले. आता लपण्याचे कारण उरले नाही, असे समजून सोफी आणि जेनी यांनी आपले गुपित स्वतः होऊन उघड केले. मंडळ हसून कौतुक करील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले ते विपरीत. ऑक्टोबर १९९१ मध्ये, पहिल्या स्त्रियांसाठी दार उघडले जात असतानाच, सोफी लॉइडला मंडळाला फसवल्याच्या ठपक्यावरून काढून टाकण्यात आले. जिने दार ठोठावले, तीच तेवढी बाहेर राहिली.

मंडळाचे म्हणणे अगदीच निराधार होते, असे म्हणता येणार नाही. रंगमंचावरची फसवणूक प्रेक्षकांच्या संमतीने होते. परीक्षकांनी अशी संमती दिलेली नव्हती. परंतु ज्याने न्यायाचा राजमार्गच बंद करून ठेवला, त्याने आडवाटेने येणाऱ्याला दोष द्यावा, हे कितपत शोभते? सोफीने कोणाची वस्तू चोरली नाही, कोणाचे रहस्य फोडले नाही. मुलगी म्हणून जी परीक्षा तिला देऊ देत नव्हते, तीच परीक्षा तिने मुलगा होऊन दिली, आणि ती उत्तीर्ण झाली. तिने जे उघडे पाडले, ते जादूचे गुपित नव्हते. तो मंडळाचा स्वतःचाच दोष होता. जादूगारांना तो अपमान वाटला, आणि अपमानाच्या कडूपणात तिच्या कलेचे कौतुक करणे राहून गेले.

काळ पुढे गेला. २०२१ साली मेगन स्वान ही तरुणी मंडळाची पहिली स्त्री-अध्यक्ष झाली. पुढे लॉरा लंडन ही कार्याध्यक्षपदी आली. त्या पदावरचीही ती पहिलीच स्त्री. जुन्या कागदपत्रांतील रेमंड लॉइडची नोंद आता निराळ्या डोळ्यांनी वाचली जाऊ लागली. सोफी कोठे आहे, याचा शोध सुरू झाला. वृत्तपत्रांतून आवाहने करण्यात आली. अखेर ती सापडली. एप्रिल २०२५ मध्ये तिला सन्मानाने बोलावून मंडळाने तिचे सभासदत्व परत दिले आणि झाल्या गोष्टीबद्दल तिची क्षमा मागितली. या वेळी सोफीने आपल्या नावाबरोबर जेनीचे नाव आवर्जून घेतले; कारण कल्पना मुळात जेनीची होती. तो दिवस पाहण्यास जेनी मात्र हयात नव्हती.

एखाद्या संस्थेला १२० वर्षे जगावयाचे असेल, तर तिच्यापाशी केवळ कडक नियम असून भागत नाही. नियम नसतील, तर ती चार दिवसांत विसकटते. नियमांपलीकडे काहीच नसेल, तर ती दगडासारखी होते. डेव्हांटच्या बाबतीत मंडळाने नियमही राखला आणि त्याच्या बिछान्याजवळही ते गेले, आणि तेही तो जिवंत असताना. सोफीच्या बाबतीत त्याला आपली चूक कळण्यास चौतीस वर्षे लागली. उशीर फार झाला. परंतु चूक कबूल करण्यास लाज वाटली नाही, हेही थोडे नव्हे. पुष्कळ माणसे आणि पुष्कळ संस्था आपल्या चुका गुपिताप्रमाणे जन्मभर सांभाळतात. जपावयाची गुपिते कोणती आणि उघड करावयाची कोणती, हा विवेक हातचलाखीहून अवघड आहे.

स्टीफन्सन वे या गल्लीत पुन्हा सोमवारची संध्याकाळ येते. दिवे लागतात. आत कोणीतरी पुढच्या बैठकीची सूचना वाचीत असते, कोणी स्पर्धेची तयारी करीत असते, एखाद्या कोपऱ्यातून “पुन्हा एकदा” असे शब्द ऐकू येतात. दार उघडते आणि एक तरुणी आत येते. तिच्या खांद्याला पिशवी आहे आणि बोटे खिशातील नाण्याशी नकळत खेळत आहेत. तिने केसांचा टोप घातलेला नाही, हातमोजे चढवलेले नाहीत. दारावर तिला कोणी अडवीत नाही. आत गेल्यावर मात्र तिलाही इतरांप्रमाणेच ते जुने वचन पाळावे लागेल, आणि त्यात तिला धन्यताच वाटेल.